दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर घर मुलाच्या नावावर होतं, पण नंतर?

बक्षीसपत्राच्या, म्हणजे मोबदला न घेता मालमत्ता देण्याच्या दस्ताच्या, शेवटच्या पानांवर कुठेतरी साधारण या अर्थाचं एक वाक्य असतं: सदर मिळकतीवर यापुढे माझा अगर माझ्या वालीवारसांचा कोणताही हक्क, अधिकार वा हितसंबंध राहिलेला नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात सहीला बसलेल्या आईवडिलांचं लक्ष तिथे नसतं. कॅमेऱ्याकडे बघा, अंगठा नीट दाबा, साक्षीदारांची आधार कार्डं द्या, या धांदलीत ते पान उलटलं जातं. "आमच्यामागे पोरांना खेटे नकोत" एवढाच विचार मनात असतो. हेतू चांगला असतो आणि मुलंही बहुतेक वेळा चांगलीच असतात. तरी या एका वाक्याने काय काय हातातून जातं, हे सहीच्या आधी कळायलाच हवं.

आधी एक घोळ मिटवू. 'घर मुलाच्या नावावर केलं' असं आपण म्हणतो तेव्हा चार निराळ्या गोष्टींपैकी कोणतीही असू शकते. सोसायटीत मुलाला नॉमिनी लावलं, तर तो मालक होत नाही. तुमच्या पश्चात सोसायटीने कोणाशी व्यवहार करायचा, एवढंच त्यातून ठरतं. नॉमिनीने घर खऱ्या वारसांच्या वतीने सांभाळायचं असतं. त्याला सहयोगी सभासद करून घेतलं तर तो तुमच्या संमतीने सभेला जाऊ शकतो, मत देऊ शकतो, पण फ्लॅट तुमचाच राहतो. मालमत्ता कराच्या बिलावर किंवा मिळकत पत्रिकेवर नाव चढलं, तर ती सरकारी दप्तरातली नोंद झाली. अशा नोंदीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितलं आहे. मालकी खऱ्या अर्थाने हलते ती नोंदणीकृत दस्ताने, म्हणजे बक्षीसपत्राने किंवा खरेदीखताने. मृत्युपत्रानेही हलते, पण तुमच्या पश्चात.

पुष्कळ घरांत गरज पहिल्या तीनपैकी एखाद्या गोष्टीची असते आणि केली जाते चौथी. आईला गुडघ्यांमुळे सोसायटीच्या मीटिंगला जाणं जमत नसेल, तर सहयोगी सभासदत्व पुरतं. त्यासाठी घर देऊन टाकायची गरज नाही.

मग लोक बक्षीसपत्राकडे का वळतात? कारण ते स्वस्त आहे. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली, तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. त्यावर स्थानिक अधिभार वेगळा लागतो. तो तुमच्या भागात किती आहे हे आधी कार्यालयात विचारून घ्या, कारण रेडी रेकनरप्रमाणे, म्हणजे सरकारी दरपत्रकाप्रमाणे, घराची किंमत मोठी असेल तर ही रक्कमही मोठी होते. या यादीत हयात मुलाची बायको, म्हणजे सून, नाही. दुकानाचा गाळाही या सवलतीत बसत नाही.

स्वस्त आहे म्हणून केलं, यात चूक नाही. पण त्याबरोबर एक समजूत चालत येते, 'आत्ताच देऊन टाकलं की टॅक्स वाचतो.' ती तपासून बघू.

टॅक्स नक्की कुठे वाचतो?

आपल्याकडे वारशावर कर नाही. इस्टेट ड्यूटी १९८५ मध्ये बंद झाली. देणाऱ्यावर पडणारा बक्षीस करही १ ऑक्टोबर १९९८ पासून बंद आहे. आईवडिलांकडून मिळालेली भेट मुलाच्या हातात करपात्र नसते, मग ती कितीही मोठी असो. घर बक्षीस देणं म्हणजे विकणं नव्हे, त्यामुळे देणाऱ्याला भांडवली नफाही होत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, कलमांचे आकडे बदलले, पण ही तत्त्वं तीच आहेत.

म्हणजे हयातीत दिलं काय किंवा मृत्युपत्राने दिलं काय, देण्याच्या वेळी आयकर दोन्हीकडे शून्यच.

आता मुलगा पुढे ते घर विकतो तेव्हाचं पाहा. समजा वडिलांनी १९९२ मध्ये ३ लाखांना फ्लॅट घेतला. इतक्या जुन्या घरासाठी खरेदी किमतीऐवजी १ एप्रिल २००१ रोजीची बाजारातली किंमत धरता येते. ती ८ लाख समजू. मुलाने तो ८० लाखांना विकला. मुलाला घर फुकट मिळालं, म्हणून त्याची खरेदी किंमत शून्य धरत नाहीत आणि मिळालं त्या दिवसाचा बाजारभावही धरत नाहीत. वडिलांची किंमत, म्हणजे ८ लाख, तीच त्याची किंमत. नफा ७२ लाख. १२.५ टक्क्यांनी कर ९ लाख, शिवाय अधिभार आणि उपकर. घर बक्षीसपत्राने आलं असो की मृत्युपत्राने, हाच हिशेब. एक रुपयाचाही फरक नाही. बक्षीसपत्राने वाचेल असं ज्याला वाटत होतं, तो कर मुळात कुठेच नव्हता.

उलट कर वाढण्याच्या वाटा मात्र खऱ्या आहेत.

पहिली वाट भाड्याची. राहत्या घराशिवाय दुसरा छोटा फ्लॅट आहे आणि त्याचं महिना २०,००० रुपये भाडं येतं असं धरा. वडिलांची पेन्शन बेताची आहे. पेन्शन आणि भाडं मिळूनही त्यांना आयकर लागत नाही, कारण नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावरचा कर सवलतीने शून्य होतो. तोच फ्लॅट ३० टक्के कर भरणाऱ्या मुलाच्या नावावर गेला, की वर्षाच्या २ लाख ४० हजार भाड्यातून ३० टक्के प्रमाणित वजावट जाऊन उरलेल्या १ लाख ६८ हजारांवर सुमारे ५० हजार रुपये कर सुरू होतो. दरवर्षी. घरातलाच पैसा, फक्त कागद बदलल्यामुळे गेला.

दुसरी वाट सुनेच्या नावाची. काही घरांत प्रेमाने घर सुनेच्या नावावर करतात. तिथे उत्पन्न एकत्र धरण्याचा नियम लागतो. सुनेला किंवा जोडीदाराला मोबदला न घेता दिलेल्या मालमत्तेचं उत्पन्न देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवलं जातं. म्हणजे घर तुमचं राहिलं नाही, पण भाड्यावरचा कर तुमचाच. सज्ञान मुलाला किंवा मुलीला दिलं तर हा नियम लागत नाही.

तिसरी वाट मुलाच्या स्वतःच्या घरांची. स्वतःच्या वापरातली म्हणून दोनच घरांचं उत्पन्न शून्य धरता येतं. तिसरं घर आलं, की ते रिकामं असलं किंवा त्यात आईवडील राहत असले, तरी भाड्याने दिल्यासारखं समजून काल्पनिक भाड्यावर कर बसतो. आणि ज्या मुलाकडे अजून एकही घर नाही, त्याच्यासाठी निराळा फटका आहे. प्रधानमंत्री आवास योजनेची अटच अशी, की स्वतःच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नसावं. आईवडिलांचं घर नावावर आलं, की तो त्या दारातून बाहेर.

पैशापेक्षा मोठी गोष्ट

कराचा हिशेब एकवेळ सोसता येतो. घर देऊन टाकण्यातला खरा धोका मुलाच्या वाईटपणात नसून मुलाच्या आयुष्यात असतो, हे मला इथे कळकळीने सांगायचं आहे. घर त्याचं झालं, म्हणजे त्याच्या आयुष्यात जे घडेल ते त्या घराला लागू झालं.

त्याने मित्राच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली. धंद्यात भागीदार पळून गेला. बँकेने वसुलीचा दावा लावला. न्यायालय कर्जदाराच्या मालकीच्या मालमत्तेवर जप्ती आणतं, आणि त्या यादीत आता तुमचं देवघर, तुमचं स्वयंपाकघर आहे. 'इथे आईवडील राहतात' हे कागदावर कुठेच नसतं. मुलगा रडत असेल, पण त्याच्या रडण्याने जप्ती थांबत नाही.

आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा प्रसंग म्हणजे मुलाचं आधी जाणं. तोंडातून काढवत नाही, पण कायद्याला त्याचंही उत्तर द्यावं लागतं. हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता पुरुष वारला, तर त्याची मालमत्ता पहिल्या वर्गाच्या वारसांना जाते: बायको, मुलं आणि आई. या वर्गात वडील नाहीत. ते दुसऱ्या वर्गात आहेत, आणि पहिल्या वर्गातलं एकही माणूस असेपर्यंत दुसऱ्या वर्गाला काही मिळत नाही. आता चित्र डोळ्यांसमोर आणा. आई आधीच वारलेली. ज्या वडिलांनी तीस वर्षं हप्ते भरून घर घेतलं आणि मुलाला बक्षीस दिलं, त्यांचा त्या घरात कायद्याने शून्य वाटा. सून भली असेल तर सांभाळेल, बहुतेक सांभाळतेच. पण ते तिच्या भलेपणावर. उद्या तिला ते घर विकून माहेरच्या गावी जावंसं वाटलं, तर तिला अडवणारं काही नाही.

मुलीच्या बाबतीत आणखी एक बारीक गोष्ट आहे, आणि ती भल्याभल्यांना माहीत नसते. विवाहित मुलीला मूल नसेल आणि ती मृत्युपत्राशिवाय गेली, तर आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता माहेरी, वडिलांच्या वारसांकडे परत जाते. पण कायद्यातला शब्द 'वारशाने' असा आहे. बक्षीसपत्राने मिळालेलं घर वारशाने आलेलं नसतं. ते तिची स्वतःची मालमत्ता म्हणून आधी नवऱ्याला, तो नसेल तर नवऱ्याच्या वारसांना जातं. आईवडिलांचा नंबर त्यांच्या नंतर लागतो. म्हणून मुलांना घर दिलंच असेल, तर त्यांना स्वतःचं मृत्युपत्र लगेच करायला सांगा. तिशीतल्या मुलाला हे विचित्र वाटेल, पण सांगा.

हे वारशाचे नियम हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांचे झाले. मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी कुटुंबांचे नियम वेगळे आहेत. जप्तीचा आणि आयकराचा भाग मात्र सगळ्यांना सारखाच.

शिवाय घर ही म्हातारपणाची शेवटची ठेव असते. ६० वर्षांवरच्या माणसाला स्वतःच्या राहत्या घरावर रिव्हर्स मॉर्टगेज घेता येतं. बँक दरमहा पैसे देते, हप्ते भरायचे नसतात, आणि त्या पैशांवर आयकर नसतो. मोठं घर विकून लहान घेता येतं आणि उरलेल्या पैशांत आजारपण निभावता येतं. घर नावावरून गेलं, की या दोन्ही वाटा बंद. मग प्रत्येक ऑपरेशनला मुलापुढे हात पसरावा लागतो. मुलगा देईलही, पण मागावं लागणं वेगळं आणि आपल्या कपाटातून काढणं वेगळं.

अर्धं नाव घातलं तर?

'पूर्ण नको, फक्त त्याचं नाव बरोबर घालू' हा मधला मार्ग सुरक्षित वाटतो. तो अर्ध्या घराचं बक्षीसपत्रच असतो. वरचे सगळे धोके त्या अर्ध्याला लागू, आणि दोन नवे. एक, घर विकायचं झालं तर त्याची सही हवीच. तो परदेशात असेल, भांडण झालेलं असेल किंवा सूनबाई नको म्हणत असेल, तर तुमचा अर्धा भागही अडकला. दुसरा कराचा. तुम्ही घर विकून नवं घर घेतलंत, तर नफ्यावरची सूट तुमच्या भागापुरतीच मिळते. मुलाच्या अर्ध्या भागाचा नफा मुलाच्या माथी, आणि सूट हवी तर त्याने स्वतः घर घ्यायला हवं.

सहमालकाला वाटपाचा दावा लावता येतो. कायद्याने इथे कुटुंबाला थोडं संरक्षण दिलं आहे. कोणी राहत्या घरातला आपला हिस्सा परक्याला विकला, तर त्या परक्याला घरात येऊन कुटुंबाबरोबर राहण्याचा हक्क मिळत नाही. तो वाटप मागू शकतो, आणि तेव्हा कुटुंबातल्या इतरांना त्याचा हिस्सा विकत घेण्याची संधी मिळते. पण ती संधी साधायला हातात पैसा लागतो, आणि पंचाहत्तरीत तो कुठून आणायचा?

मुलं परदेशात असतील त्यांच्यासाठी एक परिच्छेद. अनिवासी मालकाने घर विकलं, की घेणाऱ्याला भरमसाट टीडीएस कापावा लागतो, आणि कमी कापण्याचा दाखला आधी काढला नाही, तर रिफंडची वाट बघत बसावं लागतं. अमेरिकेत कर भरणाऱ्या मुलांचं गणित तर उलटंच आहे. तिथे वारशाने मिळालेल्या घराची किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरतात, आणि भेट मिळालेल्या घराची किंमत देणाऱ्याच्या जुन्या खरेदी भावाने. म्हणजे पुण्यातला फ्लॅट आज बक्षीस दिला, तर वरच्या उदाहरणातला सगळा नफा तिकडच्या करातही येतो. तोच मृत्युपत्राने दिला, तर बहुतेक नफा तिकडे गणलाच जात नाही. शिवाय परदेशी व्यक्तीकडून १ लाख डॉलरहून मोठी भेट मिळाली, तर ती फॉर्म ३५२० वर कळवावी लागते, आणि न कळवल्यास दंड भेटीच्या २५ टक्क्यांपर्यंत जातो. तिथल्या सीएला विचारल्याशिवाय इथे दस्त करू नका.

मग करायचं काय

बहुतेक कुटुंबांना मृत्युपत्र पुरतं. त्यावर मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. तुमची सही आणि तुमच्यासमोर सह्या करणारे दोन साक्षीदार, एवढं हवंच. साक्षीदार शक्यतो तुमच्याहून तरुण घ्या आणि ज्याला घर मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. सत्तरीच्या पुढे असाल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडा. मृत्युपत्राची मोठी सोय ही, की मन बदललं, परिस्थिती बदलली, तर दुसरं करता येतं. बक्षीसपत्र देणाऱ्याच्या मर्जीने रद्द होत नाही. मात्र घर स्वकष्टार्जित हवं. वडिलोपार्जित असेल, तर मुली धरून सगळ्यांचे हिस्से आधी पाहावे लागतात.

तरीही हयातीतच द्यायचं असेल, आणि कधी कधी तसं कारण असतं, एखादं मूल कायम सेवा करतंय आणि बाकीची नंतर त्याला त्रास देतील अशी खरी भीती असते, तर दस्तात दोन कलमं घालून घ्या. पहिलं, आम्हा दोघांना, आणि एकाच्या पश्चात दुसऱ्याला, हयात असेपर्यंत या घरात राहण्याचा आणि त्याचं भाडं घेण्याचा हक्क राहील, आणि तोवर बक्षीस घेणाऱ्याने ते विकू वा गहाण टाकू नये. असा हक्क राखून केलेलं नोंदणीकृत बक्षीसपत्र वैध असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तसा निर्णय दिला आहे. दुसरं, बक्षीस घेणाऱ्याने आमचं अन्न, औषधपाणी, निवारा आणि देखभाल करावी या अटीवर हे बक्षीस दिलं आहे, आणि अट मोडल्यास ते रद्द करण्याचा आम्हाला अधिकार राहील. 'प्रेमापोटी व मायेपोटी' एवढंच लिहिलेलं पुरत नाही. अट शब्दांत हवी.

का हवी, ते ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ वरून कळतं. काळजी घेण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने काळजी घेतली नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने किंवा दबावाने झालं असं मानून न्यायाधिकरण ते रद्द करू शकतं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात आईच्या विरोधात निकाल दिला, कारण अशी अट होती हे सिद्धच झालं नाही. २ जानेवारी २०२५ च्या निकालात मात्र मध्य प्रदेशातल्या एका आईला घर परत मिळालं. तिच्या मुलाने बक्षीसपत्राबरोबरच आईवडिलांना शेवटपर्यंत सांभाळीन, नाही सांभाळलं तर आईने घर परत घ्यावं, असं वचनपत्र लिहून दिलं होतं. दोन आयांच्या नशिबातला फरक एका कागदाचा होता.

दस्त आधीच होऊन गेला असेल आणि आता हाल होत असतील, तर आपल्या उपविभागाच्या प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करा. महाराष्ट्रात हे न्यायाधिकरण तेच चालवतात. बक्षीसपत्राची प्रत, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा), औषधांची बिलं, मुलाने पाठवलेले मेसेज, जे काही असेल ते जोडा. दस्तात अट नसली, तरी सांभाळण्याचं कबूल केल्याचा दुसरा लेखी पुरावा, एखादं जुनं पत्र किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, शोधून ठेवा. न्यायाधिकरण घराचा ताबाही परत देऊ शकतं. आणि अर्ज फेटाळला गेला, तर आईवडिलांना साठ दिवसांत अपील करता येतं.